पंचकेदार 12 दिवसांत, श्रावणात? आधी मुक्कामांचा हिशोब करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोल्हापूरचेच, वय 56. सोबत पत्नी, वय 52, गुडघे अधूनमधून कुरकुरतात. मेव्हणे 61 वर्षांचे, रक्तदाबाची गोळी रोज सुरू. पाचही केदार, म्हणजे उत्तराखंडातली केदारनाथ, तुंगनाथ, मदमहेश्वर, रुद्रनाथ आणि कल्पेश्वर ही शंकराची पाच देवळं, एकाच फेरीत करायचे आहेत, रजा 12 दिवसांची आहे आणि श्रावण साधायचा आहे. तिघं दरवर्षी आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालतात, रंकाळ्याची फेरी रोजची. एवढी तयारी पुरेल का, आणि कुठून सुरुवात करावी?

पायांची तयारी बऱ्यापैकी आहे, पण बाकीचा बेत बदलावा लागेल. 12 दिवसांत पाच केदार होत नाहीत. कागदावर बसवून देणारे पुष्कळ भेटतील, पण त्या कागदात दरड कोसळून रस्ता बंद पडलेला एक दिवसही धरलेला नसतो.

पन्हाळा-पावनखिंड ही तयारी म्हणून उत्तम, कारण तिथे सलग दोन दिवस चिखलातून चालावं लागतं. रोज एक तास सपाटीवर चालणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना काय होतं ते विसरलेला असतो, तुम्ही विसरलेले नाही. पण पन्हाळा समुद्रसपाटीपासून हजार मीटरही नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर. केदारनाथची चढण जिथून सुरू होते ते गौरीकुंडच 1,982 मीटरवर आहे, आणि देऊळ 3,583 मीटरवर. म्हणजे आपल्या राज्यातला सगळ्यात उंच दगडसुद्धा यात्रेच्या पहिल्या पायरीखाली राहतो. पायांचा सराव इथे होतो, उंचीचा होत नाही. तो तिथेच जाऊन, तिथल्या रात्री काढूनच करावा लागतो.

साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी मिळतो. शरीर ते जमवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. गिर्यारोहणातल्या डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा: 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रोजचा झोपण्याचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त वर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती. दिवसा कितीही वर जाऊन या, रात्री खाली झोपा. म्हणून मी कुणालाही आराखडा करून देताना देवळांची यादी बाजूला ठेवतो आणि आधी मुक्कामांची गावं उंचीसकट लिहून काढतो. हरिद्वारहून निघून दुसऱ्या रात्री केदारनाथला झोपणारी माणसं शरीराला काही संधीच देत नाहीत.

यात ताकदीचा संबंध नाही, हे कोल्हापूरकरांना पटवणं फार अवघड जातं. आमच्या एका गटात तालमीतला एक तिशीतला पैलवान होता. गौरीकुंडहून सगळ्यांच्या आधी निघाला, वाटेत कुणासाठी थांबला नाही, दुपारी दोनला वर पोहोचून फोटोही काढून झाले. संध्याकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा खोलीत भिंतीला टेकून, डोकं दोन्ही हातांत धरून बसलेला. दोनदा उलटी झालेली. चहाचा पेला तोंडाजवळ नेला की पुन्हा मळमळ. त्याला फरशीच्या सांध्यावरून टाचेला पाऊल लावत दहा पावलं चालायला सांगितलं, तोल गेला नाही, म्हणून रात्र तिथल्या वैद्यकीय केंद्रात काढली. सकाळी उजाडताच चार नेपाळी गड्यांनी त्याला दांडीत, म्हणजे खांद्यावरून न्यायच्या डोलीत, बसवून खाली आणलं. त्याला त्या दांडीची लाज वाटत होती. गौरीकुंडला संध्याकाळी त्याच माणसाने तीन पराठे खाल्ले. त्याच गटातल्या साठीच्या एक काकू नामस्मरण करत, प्रत्येक वळणावर बसत, सगळ्यांत शेवटी पोहोचल्या होत्या. त्यांना काहीही झालं नाही.

ती दहा पावलांची चाचणी तिघांनीही शिकून घ्या. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, चक्कर, झोप न येणं ही उंची लागल्याची लक्षणं. एवढ्यावर असेल तर त्याच जागी थांबायचं, वर जायचं नाही. सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलण्यात गोंधळ असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल आणि खोकला सुरू असेल, तर तो मेंदूला किंवा फुफ्फुसाला सूज आल्याचा इशारा. तिथे सकाळची वाट पाहायची नाही, आहे त्या वेळी मदत घेऊन खाली उतरवायचं. उतरणं हाच खरा उपाय, बाकी सगळं वेळ काढण्यापुरतं.

कापूर हुंगल्याने प्राणवायू वाढतो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. रुमालात कापूर बांधून घ्यायला हरकत नाही, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला प्राणवायू त्याने तसूभरही वाढत नाही. बाजारात मिळणारे प्राणवायूचे हलके डबे काही मिनिटांत संपतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घ्या, पण आकड्याला घाबरू नका. साडेतीन हजारांवर धडधाकट माणसाचंही 85 ते 90 येऊ शकतं. माणूस कसा दिसतो, कसा बोलतो, जेवतो का, हे आकड्याच्या आधी पाहायचं.

उंची लागू नये म्हणून घ्यायच्या डायमॉक्स गोळीबद्दल सगळेच विचारतात. ॲसिटाझोलामाइड हे त्यातलं औषध. साधारण 125 मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, असा त्याचा वापर होतो. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात, ते अपेक्षितच आहे. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. तुमच्या मेव्हण्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत आधीच लघवी वाढवणारं औषध असू शकतं, तेव्हा त्यांनी गोळीचं पाकीट घेऊनच डॉक्टरकडे जावं. ईसीजी, टूडी एको, ट्रेडमिल चाचणी, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन एवढं तिघांचंही करून घ्या. मेव्हण्यांच्या डॉक्टरांनी ‘नको’ म्हटलं तर दुसरा डॉक्टर शोधू नका.

आता श्रावणाचं. श्रावणात केदार ही इच्छा समजू शकतो, पण मी त्या दिवसांत गट नेत नाही. एकतर उत्तरेकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, आणि त्या पंधरवड्यात कावड यात्रेने हरिद्वार-ऋषिकेशचा रस्ता भरून गेलेला असतो. दुसरं, पाऊस. 31 जुलै 2024 च्या ढगफुटीत केदारनाथची पायवाट भीमबली-लिनचोलीच्या पट्ट्यात ठिकठिकाणी तुटली आणि हजारो यात्रेकरूंना बाहेर काढावं लागलं, त्यातल्या बऱ्याच जणांना हेलिकॉप्टरने. ऑगस्ट 2023 मध्ये मदमहेश्वरच्या वाटेवरचा बंतोलीजवळचा पूल वाहून गेला, वर अडकलेल्यांना तिथूनही हवाईमार्गेच आणलं. 2013 च्या जूनमधला केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटल्याचा प्रसंग तर सगळ्यांना माहीत आहे, आणि तो पाऊस जूनच्या मध्यावरच आला होता. आंबा घाटातला पाऊस पाहिलेल्या माणसाला पावसाची भीती वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. तिथला डोंगर तरुण आणि भुसभुशीत आहे, पाण्याबरोबर तोच खाली येतो. गढवालमधलं श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्या मधलं सिरोबगड नावाचं ठिकाण दर पावसाळ्यात रस्ता अडवून बसतं.

मग जायचं कधी? मे-जूनमध्ये वाट चांगली असते, पण शाळांच्या सुट्ट्या आणि गर्दी दोन्ही एकदम येतात, आणि गौरीकुंडच्या अलीकडच्या सोनप्रयागला तासन् तास रांगेत जातात. माझ्या मते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पाऊस ओसरलेला, चौखंबा शिखर स्वच्छ दिसतं, आणि तुमच्यासारख्या शेती असलेल्यांना ऊसतोड सुरू व्हायच्या आत परतता येतं. थंडी मात्र कडक, वर रात्री पारा शून्याखाली जातो.

पाचही केदार करायचे असतील तर तारखा रुद्रनाथ ठरवतो, केदारनाथ नाही. केदारनाथचं कपाट, म्हणजे देवळाचं दार, भाऊबीजेला बंद होतं, मदमहेश्वर त्याच्याही नंतर, नोव्हेंबरात. रुद्रनाथ मात्र सूर्य तूळ राशीत जातो त्या संक्रांतीला, म्हणजे 17-18 ऑक्टोबरच्या सुमारास बंद होतो. पहाडी लोक तिला कार्तिक संक्रांत म्हणतात. ते ऐकून आपली माणसं दिवाळीनंतरचा कार्तिक समजून बसतात आणि बंद दारापर्यंत जाऊन येतात. उघडायलाही रुद्रनाथ आणि मदमहेश्वरला मेचा तिसरा आठवडा उजाडतो. कल्पेश्वर तेवढा बारा महिने उघडा.

पाचांचा स्वभावही वेगवेगळा आहे. केदारनाथ म्हणजे गर्दी, खेचरं, दुकानं, आणि 16 किलोमीटरची बांधलेली वाट. तुंगनाथ पाचांत सगळ्यात उंच, सुमारे 3,680 मीटर, पण चोपता या 2,680 मीटरवरच्या ठिकाणाहून फरसबंद वाटेने जेमतेम चार किलोमीटर. मदमहेश्वर रांसी गावातून दोन दिवसांत निवांत करावा. गौंडार, बंतोली इथपर्यंत वाट सौम्य आहे. बंतोलीला दोन नद्यांचा संगम ओलांडला की खडी चढण लागते आणि ती देवळाच्या माळापर्यंत सोडत नाही. बंतोलीला पाणी भरून घ्या. नानू चट्टीला पोहोचल्यावर गुडघे काय म्हणतात ते ऐका, पटत नसेल तर तिथेच मुक्काम करा. रुद्रनाथ सगळ्यात कठीण. गोपेश्वरजवळच्या सगर गावातून पनार बुग्याल (डोंगरावरचं गवताळ कुरण), पितृधार करत जाणारी लांब वाट, सोयी कमी, आणि अभयारण्याचा भाग असल्याने वनविभागाची नोंदणी लागते. कल्पेश्वर ऊर्गम खोऱ्यात, 2,200 मीटरवर. आता गाडी जवळपास जाते, चालणं नावापुरतं.

हे सगळं सुखरूप करायला हरिद्वार ते हरिद्वार 14-15 दिवस आणि वर कोल्हापूरचा प्रवास धरावा. म्हणून तुमच्या 12 दिवसांत मी दोनच केदार बसवतो: आधी तुंगनाथ, मग केदारनाथ. जाताना रेल्वे. कोल्हापूरहून निजामुद्दीनची गाडी आठवड्यातून एकदाच आहे, तो वार जमला नाही तर मिरजेहून गोवा एक्स्प्रेस रोज मिळते. दिल्लीहून हरिद्वार, असा तिसरा दिवस संपतो. चौथ्या दिवशी पहाटे निघून उखीमठ. हे 1,300 मीटरवर आहे, अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढे, पण घाटरस्त्याने पूर्ण दिवस जातो. पाचव्या दिवशी सारी गावातून देवरियाताल, 2,438 मीटर, अडीच किलोमीटरची चढण. जाऊन या आणि चोपत्याला झोपा. सहाव्या दिवशी तुंगनाथ, अंगात जोर असेल तर त्याच्या डोक्यावरची चंद्रशिला, आणि परत चोपत्याला झोप. सातव्या दिवशी गौरीकुंड. आठव्या दिवशी पहाटे पाचला निघून केदारनाथ, मुक्काम वर. पत्नीच्या गुडघ्यांनी कुरकुर केली तर लिनचोलीला थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन. नवव्या दिवशी उतरून गुप्तकाशी. दहावा दिवस कोरा ठेवायचा, त्याच्यावर काहीही लिहायचं नाही. अकराव्या दिवशी देहरादून, बाराव्या दिवशी विमानाने पुणे किंवा गोवा आणि तिथून घर. रजा 16 दिवसांची करता आली तर तुंगनाथ आणि केदारनाथच्या मध्ये मदमहेश्वर घाला, या तिघांसाठी उखीमठ-गुप्तकाशी हाच तळ पुरतो.

केदारनाथच्या आधी तुंगनाथ म्हणजे क्रम मोडला, असं मेव्हणे म्हणतील. परंपरेत पहिला मान केदारनाथचा, हे खरं. पण हिवाळ्यात केदारनाथ आणि मदमहेश्वर दोघांच्याही उत्सवमूर्ती उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात असतात, त्यांची पूजा तिथेच चालते. मी गटाला आधी ओंकारेश्वराचं दर्शन घडवतो, मग तुंगनाथला नेतो. आजवर यावर कुणी तक्रार केलेली नाही. केदारनाथचे रावळ, म्हणजे मुख्य धर्मगुरू, कर्नाटकातल्या वीरशैव जंगम समाजातून येतात आणि उखीमठ हे वीरशैवांच्या पंचपीठांपैकी एक आहे. कोल्हापुरातल्या लिंगायत मंडळींना हे ठाऊक असतं, आणि तिथे आपल्या भागाकडची माणसं भेटल्याचा आनंद वेगळाच असतो.

उपवासाबद्दल थोडं कडक बोलतो. सोमवार आहे म्हणून निर्जळी, किंवा दर्शन होईपर्यंत पाणीसुद्धा नाही, असं करून चढणारी माणसं मी दरवर्षी पाहतो, आणि वाटेवर आडवी झालेली बहुतेक त्यांच्यातलीच असतात. दिवसाला तीन-चार लिटर पाणी आणि दर दोन तासांनी काहीतरी पोटात हवंच. वर भूक मरते, म्हणून आमच्याकडे घरची शेंगदाण्याची चटणी आणि भडंग असतंच. चटणीमुळे चार घास जास्त जातात. ढाब्यावर राजमा-भात, खिचडी, मॅगी मिळेल. मंडुव्याची भाकरी मिळाली तर जरूर खा, ती आपली नाचणीच.

सामानात एकच आग्रह: सुती बनियन, सुती टी-शर्ट, जीन्स घरी ठेवा. घामाने भिजलेला सुती कपडा थंडीत अंगावर वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेतो. पटकन वाळणारे दोन शर्ट, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. बूट नवे नकोत, जोतिबाच्या डोंगरावर निदान आठ-दहा वेळा वापरलेले हवेत. पत्नीसाठी दोन काठ्या घ्या. एक नाही, दोन. गुडघे चढताना नाही, उतरताना जातात, म्हणून पुढचे तीन महिने कुशिऱ्याकडून जोतिबा चढल्यावर रिक्षाने खाली येऊ नका, पाठीवर पाच-सहा किलो घेऊन चालतच उतरा. वेग किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला.

खेचरांची रांग आली की डोंगराच्या बाजूला भिंतीला चिकटून उभे राहा, दरीकडे कधीही नाही. ओझ्याचा धक्का लागतो आणि खेचराला थांबता येत नाही. पत्नीला चढताना खेचर केलं तरी उतरताना ती चालतच येऊ दे. हेलिकॉप्टरने जायचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा की काही मिनिटांत साडेतीन हजारांवर उतरणाऱ्याच्या शरीराला तयारीला वेळच मिळत नाही. तसं गेलात तर दर्शन घेऊन लगेच खाली या, वर मुक्काम करू नका.

केदारनाथसाठी उत्तराखंड पर्यटन खात्याची यात्रा नोंदणी बंधनकारक आहे, ती त्यांच्याच संकेतस्थळावर करा, दलालाकडून नको. नोंदणीच्या कोडची एक छापील प्रतही जवळ ठेवा, वर फोन थंडीने बंद पडतात. रोख पैसे उखीमठच्या आधीच काढून घ्या.

क्रमाने सांगायचं तर पहिलं काम मेव्हण्यांची ट्रेडमिल चाचणी. तिचा अहवाल हातात आल्याशिवाय तिकिटं काढू नका. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे तपासणीला वेळ आहे. आणि परतीचं विमान घेताना तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.